चषक-बुरशीचे नमुने हर्बेरियमसाठी: ताजेपणीच्या नोंदी, वाळवण आणि सूची

पानगळ (प्रश्न)

नमस्कार,

आमच्या अभ्यासगटाकडे एका लहान हर्बेरियममधील (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातील) बुरशी विभागाचे काम आले आहे. भूछत्रांचे आणि लाकडावर वाढणाऱ्या कठीण बुरशींचे नमुने तेथे बऱ्यापैकी आहेत. पेल्याच्या, वाटीच्या किंवा बशीच्या आकाराच्या बुरशींची, म्हणजे पेझिझा, ॲल्युरिया, सार्कोसायफा, स्कुटेलिनिया अशा चषक-बुरशींची पाकिटे मात्र मोजकीच आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर ‘पेझिझा, जमिनीवर’ यापलीकडे काही लिहिलेले नाही. पाकीट उघडावे तर आत आक्रसलेला तपकिरी तुकडा निघतो. तो ताजा असताना केशरी होता, जांभळट होता की मातकट, हे त्याच्याकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

आता नव्याने संकलन सुरू करायचे आहे आणि त्याआधीच पद्धत ठरवून घ्यावी, असे सर्वांचे मत पडले. भूछत्रांसाठी जे करतात, म्हणजे छायाचित्र काढणे, बीजाणूंचा ठसा घेणे, वाळवणे आणि पाकिटात ठेवणे, तेवढे येथे पुरेल का? पुरत नसेल, तर जागेवर नेमके काय टिपायचे, सूक्ष्मदर्शकाखालचे काम वाळवण्याआधी करायचे की नंतर सवडीने, वाळवताना उष्णता किती ठेवायची, आणि ज्याचे नाव ठरलेले नाही असा नमुना सूचीत दाखल करावा की नाव ठरेपर्यंत बाजूला ठेवावा, याबद्दल अनुभवी सदस्यांनी लिहावे. आमच्याकडे १००० पट मोठे दाखवणारा, तेलात बुडणारे भिंग असलेला सूक्ष्मदर्शक आहे, फळे वाळवण्याचे विजेवरचे यंत्र आहे आणि संगणक आहे. डीएनए तपासणीची सोय आज नाही, पुढे होण्याची शक्यता आहे.

ओलसर माती (उत्तर)

नमस्कार पानगळ. तुमच्या पाकिटांतील तपकिरी तुकडा वाळवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळेच तसा झाला, असे समजू नका. ॲल्युरिया किंवा सार्कोसायफा यांचा केशरी-लाल रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो आणि तो चांगल्या रीतीने वाळवलेल्या नमुन्यातही टिकत नाही. भूछत्राला टोपी, पाती, देठ, देठावरचे कडे अशी बाहेरून दिसणारी अनेक लक्षणे असतात आणि त्यांतील काही वाळल्यावरही ओळखू येतात. चषक-बुरशीत बाहेरची लक्षणे मुळातच थोडी, आणि जी आहेत त्यांतील बरीचशी वाळताना जातात. म्हणून या गटात पाकिटातल्या तुकड्याइतकेच, माझ्या मते काही बाबतींत त्याहून जास्त, महत्त्व ताज्या नमुन्यावरून केलेल्या टिपणाला आहे.

एक उदाहरण घेऊ. उघड्या मातीवर दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचा केशरी पेला दिसला की बहुतेक जण ॲल्युरिया ऑरँशिया असे लिहून मोकळे होतात. पण तो पेला हातात घेऊन भिंगातून कडेकडे पाहावे. कडेवर बारीक तपकिरी केसांची किनार असेल, तर तो मेलॅस्टिझा असण्याची शक्यता मोठी. पेला एका बाजूने खालपर्यंत चिरलेला, कानासारखा उभा असेल, तर ओटिडियाचा विचार करावा लागतो. दाबलेल्या किंवा जुन्या भागावर हिरवट-निळसर छटा चढत असेल, तर कॅलोसायफा. ही सगळी लक्षणे पाच मिनिटांत पाहून होतात आणि ती पाच मिनिटे गेली की पुढे कितीही चांगला सूक्ष्मदर्शक असला तरी त्यांतील काही परत मिळत नाहीत.

तपकिरी पेझिझांच्या बाबतीत रस पाहणे विसरू नये. पात्याने पेला उभा चिरावा, कापलेल्या जागी रस सुटतो का ते पाहावे आणि काही मिनिटे थांबावे. पेझिझा सुकोसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रजातीत हा रस हळूहळू पिवळा होतो. पांढऱ्या कागदावर टिपून घेतला तर रंग स्पष्ट दिसतो. बदल झाला नाही तर ‘रंगबदल नाही’ असे शब्दांत लिहावे. रकाना कोरा सोडला तर पुढच्या अभ्यासकाला तुम्ही पाहिलेच नव्हते की पाहून काही आढळले नाही, हे कळायला मार्ग राहत नाही.

आता ‘जमिनीवर’ या शब्दाबद्दल, कारण माझा खरा आक्षेप त्यावर आहे. सार्कोसायफाचे लाल पेले पुष्कळदा मातीतून वर आलेले दिसतात, पण खालची माती बोटाने बाजूला केली की देठ एका गाडलेल्या काटकीला चिकटलेला आढळतो. ती काटकी नमुन्याबरोबर आलीच पाहिजे आणि शक्य असेल तर ती कोणत्या झाडाची, साल शाबूत आहे की निव्वळ लाकूड उरले आहे, हेही लिहावे. जळलेल्या जागेवर जिओपिक्सिस कार्बोनारिया, ॲन्थ्राकोबिया, पायरोनेमा अशा ठरावीक बुरशी येतात, तेव्हा कोळसा किंवा राख दिसली तर ती नोंद हवी आणि आग केव्हा लागली होती ते कळले तर तेही. शेणावर असेल तर कोणत्या प्राण्याच्या, शेवाळात असेल तर शेवाळाचा एक झुबका सोबत, पडलेल्या फळावर किंवा बीच्या टरफलावर असेल तर ते फळ सोबत. केवळ पेला खुडून आणणे हे अर्धे संकलन आहे.

नेण्यासाठी कप्प्यांचा डबा सर्वांत चांगला. प्रत्येक कप्प्यात एकच संकलन आणि ओल टिकावी म्हणून शेवाळाचा लहान तुकडा ठेवावा. मोठे पेले मेणकागदात सैल गुंडाळावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ते घामेजतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. कप्प्यात ठेवतानाच आकड्याची चिठ्ठी टाकावी. छायाचित्रे किमान तीन असावीत: जागेवरचे, बाहेरील बाजूचे आणि उभ्या छेदाचे, शेवटच्या दोन्हींत मोजपट्टी ठेवून. रंगासाठी कॅमेऱ्यावर विसंबू नये. सावलीत, दिवसाच्या उजेडात पाहून आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा रंग वेगवेगळा लिहावा. मन्सेलची रंगपत्रिका मिळाली तर तिचा क्रमांक द्यावा.

कोवळे आणि पक्व असे दोन्ही प्रकारचे पेले घ्यावेत. अगदी कोवळ्या पेल्यात बीजाणू तयार झालेले नसतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली हाती काही लागत नाही. पक्वता ओळखायची सोपी खूण म्हणजे डब्याचे झाकण उघडताच किंवा पेल्यावर हळूच फुंकर मारताच धुरासारखा लोट उठतो. असंख्य धान्या (बीजाणू असलेल्या सूक्ष्म नळ्या) एकाच वेळी फुटून बीजाणू उडवतात त्याचा तो लोट. त्याच वेळी वर काचपट्टी धरली तर ठसाही मिळतो. एकच पेला असेल आणि तो कोवळा असेल, तर मी तो घेत नाही, जागा नोंदवून काही दिवसांनी पुन्हा जातो. पेला खुडल्याने मातीतील किंवा लाकडातील तंतुजाल मरत नाही हे खरे, पण संरक्षित क्षेत्रात किंवा कोणाच्या खासगी जमिनीवर परवानगी घेतल्याशिवाय एकही नमुना उचलू नये आणि परवानगीचा क्रमांक सूचीत नोंदवावा. परवानगीविना आलेला नमुना पुढे कोणतेही जबाबदार हर्बेरियम स्वीकारणार नाही.

जाता जाता, ‘पेल्यात अंडी’ दिसली तर ती चषक-बुरशी नव्हे. सायाथस आणि तिची भावंडे भूछत्रांच्या संघातली आहेत. त्यांच्या पेल्यातील चपट्या गोट्यांत बीजाणू असतात. त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवा.

काचपट्टी (उत्तर)

वरील उत्तर जागेवरच्या कामापुरते परिपूर्ण आहे. सूक्ष्मदर्शकाबद्दलच्या प्रश्नाचे माझे उत्तर एका वाक्यात असे की, हे काम वाळवण्याआधी करायचे. सवडीने, हिवाळ्यात, कपाटातून काढून करू, हा विचार भूछत्रांत एक वेळ चालून जातो, चषक-बुरशीत नाही.

कारण थोडे विस्ताराने सांगतो. या बुरशींचे बीजाणू पेल्याच्या आतील पृष्ठभागावर, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या सूक्ष्म नळ्यांत, म्हणजे धान्यांत तयार होतात. एका धानीत बहुधा आठ. धान्यांच्या मधून पॅराफायसिस नावाचे वांझ तंतू उभे असतात. धानी उघडते कशी, यावर एमिल बुदिये या फ्रेंच अभ्यासकाने १८८५ मध्ये या सगळ्या गटाची विभागणी केली: टोकाला झाकण असलेल्या आणि टोकाला नुसते छिद्र असलेल्या. पेझिझा, ॲल्युरिया, स्कुटेलिनिया या झाकणवाल्या. लाकडाला निळा-हिरवा रंग देणारी क्लोरोसिबोरिया ही छिद्रवाली. वर्गीकरण त्यानंतर पुष्कळ बदलले, तरी पहिल्याच स्लाइडवर पाहायची गोष्ट आजही हीच आहे.

पेशी जिवंत असताना धानी फुगलेली, ताठ असते. मेली की ती लक्षणीय आकसते. बीजाणूंतील तेलाचे थेंब जिवंतपणी ठरावीक संख्येने आणि ठरावीक जागी असतात. वाळवल्यावर ते एकमेकांत मिसळतात किंवा विस्कटतात. पॅराफायसिसमधील रसधान्या (पेशीतील द्रवाच्या पिशव्या) आणि त्यांची चमक वाळल्यावर दिसतच नाही. हान्स-ओटो बारल या जर्मन अभ्यासकाने १९९२ मध्ये जिवंत आणि मृत पेशींतील हा फरक सविस्तर मांडला आणि वर्णनात मोजमाप कोणत्या अवस्थेतील आहे हे सांगितलेच पाहिजे असा आग्रह धरला. माझ्या मते हा आग्रह सूचीपर्यंत न्यायला हवा. ‘बीजाणू १८ मायक्रोमीटर लांब’ या नोंदीपुढे ‘जिवंत, पाण्यात’ की ‘मृत, कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात)’ हे लिहिलेले नसेल, तर ती नोंद तुलनेला घेता येत नाही.

क्रम असा ठेवावा. ब्लेडने पेल्याचा अतिशय पातळ उभा छेद घ्यावा आणि प्रथम साध्या पाण्यात पाहावा. पुढे सांगितलेले द्रव पेशी मारतात, म्हणून पाण्यातील निरीक्षण, रेखाटन आणि मोजमाप पूर्ण झाल्याशिवाय दुसरे काही लावू नये. बीजाणू मोजताना धानीबाहेर आपोआप उडालेले, पूर्ण पक्व असे निदान वीस बीजाणू घ्यावेत. लांबी आणि रुंदी दोन्ही, पृष्ठभागावरील काटे, चामखिळी किंवा जाळी वगळून. तेलाच्या थेंबांचे चित्र हाताने काढावे. छायाचित्र एकाच पातळीवर स्पष्ट असते. भिंग वरखाली करत हाताने चित्र काढतो तेव्हा थेंब किती आणि कोठे हे नक्की होते.

सार्कोसायफा कॉक्सिनिया आणि सार्कोसायफा ऑस्ट्रिॲका या दोन लाल प्रजाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. पहिलीच्या बीजाणूंची टोके गोलसर आणि आत बारीक थेंब अनेक, दुसरीच्या बीजाणूंची टोके किंचित चपटी किंवा दबलेली. बाहेरील बाजूचे केस पहिलीत सरळ, दुसरीत वेटोळे झालेले. केसांचे लक्षण वाळल्यावरही टिकते, थेंबांचे टिकत नाही. अशा वेळी ताज्या टिपणाचा उपयोग कळतो.

त्यानंतर आयोडीन. पेझिझाच्या धान्यांची टोके आयोडीनमध्ये निळी होतात, ॲल्युरिया किंवा स्कुटेलिनियाची होत नाहीत. ओळखीचा अर्धा पसारा या एका थेंबाने आवरतो. स्कुटेलिनियाच्या पॅराफायसिसमधील केशरी कण मात्र याच आयोडीनमध्ये हिरवट होतात आणि ते पाहून धानी निळी झाली असा समज होऊ शकतो, म्हणून रंग नेमका कोठे आला ते पाहावे. पुष्कळ पुस्तकांत मेल्झरचा द्रव वापरा असे दिलेले असते. १९२४ पासून तो रूढ आहे आणि भूछत्रांसाठी उत्तमच आहे. चषक-बुरशीसाठी, विशेषतः छिद्रवाल्या लहान बुरशींसाठी, मी लुगोलच्या द्रवाला प्राधान्य देतो. १०० मिली पाण्यात साधारण १ ग्रॅम आयोडीन आणि ३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड पुरते. काही प्रजातींच्या धानीचे टोक लुगोलमध्ये लाल होते. मेल्झरमधील क्लोरल हायड्रेट ही लाल प्रतिक्रिया दाबून टाकते आणि निरीक्षक ‘प्रतिक्रिया नाही’ असे लिहून बसतो. शिवाय क्लोरल हायड्रेटच्या खरेदीवर अनेक देशांत निर्बंध आहेत. सूचीत ‘आयोडीन: निळे’ असे न लिहिता कोणत्या द्रवात आणि कॉस्टिक पोटॅश आधी लावले होते की नाही, हे लिहावे.

शेवटी लॅक्टिक ॲसिडमधील कॉटन ब्ल्यू हा निळा रंग. बीजाणूंवरील नक्षी त्यात उठून दिसते. काचपट्टी हलकेच गरम केली तर रंग चांगला धरतो. स्कुटेलिनियात प्रजाती ठरते ती बरीचशी या नक्षीवर आणि कडेच्या काळपट, पापण्यांसारख्या केसांवर. केस नुसते ‘आहेत’ असे लिहून उपयोग नाही. सर्वांत लांब केसाची लांबी, आडवे पडदे आणि केसाचा बुडखा मुळासारखा फाटे फुटलेला आहे की साधा, हे पाहावे. त्यासाठी केस तोडून चालत नाही, छेदातून बुडासकट निघावा लागतो, आणि ते जमायला थोडा सराव लागतो.

भिंगातील मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर (मोजपट्टी कोरलेल्या काचपट्टीवर) प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी जुळवून घेतली आहे ना, हे कृपया आधी पाहा. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटरचा. जुळणी केल्याची तारीखही नोंदवून ठेवावी.

पानगळ (उपप्रश्न)

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. वाचून एक अडचण मात्र ठळक झाली. चांगला पाऊस झाल्यानंतर एका दिवसात पुष्कळ संकलने हाती येतात आणि सर्वांचे सूक्ष्मदर्शकाखालील काम त्याच रात्री होणे शक्य नाही. ती काही दिवस जिवंत ठेवता येतात का? शिवाय एक-दोन मिलिमीटरच्या चकत्या वाळवून पाकिटात ठेवल्या तर त्या पुढे सापडणार कशा? आणि एकाच काटकीवर दोन प्रजाती निघाल्या तर क्रमांक कसे द्यायचे?

जुने कपाट (उत्तर)

मी हर्बेरियमच्या बाजूने लिहितो. नमुना आत आल्यानंतर काय होते, तेवढाच माझा विषय.

जिवंत ठेवण्याबद्दल: बंद डब्यात ओलसर शेवाळावर, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बहुतेक चषक-बुरशी दोन-चार दिवस सहज टिकतात आणि कोवळे पेले या काळात पक्वही होतात. पाणी साचू देऊ नये. तरीही काम उरकत नसेल, तर संकलनांची संख्या कमी करावी. नीट टिपलेली पाच संकलने नुसत्या आकड्याच्या पन्नास पाकिटांपेक्षा हर्बेरियमला अधिक मोलाची असतात. ती पन्नास पाकिटे जागा अडवतात आणि पुढच्या पिढीला तीच डोकेदुखी देतात जी आज तुम्हांला आहे.

वाळवण: ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, हवा खेळती ठेवून, तुकडा वाकवल्यावर कडकन मोडेपर्यंत. ३५ ते ४५ अंश हा पट्टा सुरक्षित आहे. त्याहून जास्त उष्णतेने नमुना आतून शिजतो, पुन्हा ओला केल्यावर पेशी फुगत नाहीत आणि डीएनएही खराब होते. उष्णतेपेक्षा वाहती हवा महत्त्वाची. मोठा मांसल पेला असेल तर त्याचे उभे दोन-चार भाग करावेत. चषक-बुरशी दाबून वाळवू नये. फुलझाडांची ती पद्धत येथे छेदाची रचना चिरडून टाकते. नमुना यंत्रातून काढल्यावर उघड्यावर पडू देऊ नये, कारण तो हवेतील ओल लगेच ओढतो. गरम असतानाच हवाबंद पिशवीत घालावा. डीएनएसाठी ताज्या पेल्याचा निर्जंतुक चिमट्याने घेतलेला लहान तुकडा वेगळ्या कुपीत, सिलिका जेलमध्ये ठेवावा आणि कुपीवर तोच क्रमांक घालावा. २०१२ पासून आयटीएस हा डीएनएचा भाग बुरशींसाठीचा अधिकृत बारकोड, म्हणजे ओळखखूण, मानला जातो. आज सोय नसली तरी तुकडा आजच राखून ठेवला पाहिजे.

लहान चकत्यांसाठी: त्या काटकीवरून सोलून काढू नयेत. काटकीचा तो भाग कापून, सिलिका जेलमध्ये वाळवून, लहान पुठ्ठ्याच्या डबीत ठेवावा आणि डबी पाकिटात. चकतीशेजारी पेन्सिलीने बाण किंवा लहान टिंब करून ठेवले की पुढच्याला शोधाशोध पडत नाही. पाण्यात विरघळणारा गोंद एक वेळ चालतो, चिकटपट्टी कधीही नाही. ती पिवळी पडते, सुटते आणि सुटताना नमुना घेऊन जाते. पाकिटाला स्टेपलची पिनही लावू नये, ती गंजते. पाकीट आम्लरहित कागदाचे असावे आणि लेबल त्याच्या दर्शनी पाखीवर, टिकाऊ शाईत. क्रमांकाची लहान चिठ्ठी मात्र आतही असावी, कारण पाकिटे बदलली जातात.

किडे हा वाळलेल्या बुरशीचा मोठा शत्रू. हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर किमान एक आठवडा ठेवणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड नमुन्यावर दव धरते. डांबराच्या गोळ्या नकोत. आणि एक सावधगिरी: जुन्या काळी नमुन्यांना पाऱ्याचे विषारी क्षार लावत असत, त्यामुळे तुमच्याकडील जुनी पाकिटे हाताळताना हातमोजे घालावेत.

आता सूची. दोन क्रमांकांची गल्लत होऊ देऊ नका. एक संकलकाचा क्रमांक. तो जागेवरच दिला जातो, व्यक्तीगणिक अखंड चालतो, नव्या वर्षी पुन्हा एकपासून सुरू होत नाही आणि नमुना टाकून दिला तरी दुसऱ्याला दिला जात नाही. दुसरा हर्बेरियमचा दाखल क्रमांक, जो नमुना संग्रहात आल्यावर मिळतो. छायाचित्र, रेखाटन, काचपट्टी, डीएनएची कुपी, ठसा या सर्वांवर संकलकाचा क्रमांक असतो आणि तोच सगळ्यांना एकत्र बांधतो. एकाच काटकीवर दोन प्रजाती निघाल्या तर मूळ क्रमांकापुढे ‘क’ आणि ‘ख’ लावून दोन पाकिटे करावीत आणि दोन्हींवर दुसरीचा उल्लेख करावा. काटकी विभागता येत नसेल तर ती एका पाकिटात ठेवून दुसऱ्यात तसे सांगणारी चिठ्ठी ठेवावी.

तारीख ०३/०७ अशी लिहू नये. ती ३ जुलै की ७ मार्च, हे पन्नास वर्षांनी कोणी सांगू शकणार नाही. लेबलवर महिना अक्षरांत लिहावा, संगणकात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. स्प्रेडशीट तारखेला आपल्या मर्जीने वळण देते, म्हणून वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन वेगळे रकाने ठेवणे अधिक सुरक्षित. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, डब्ल्यूजीएस ८४ या आधारप्रणालीनुसार, चार दशांश स्थळांपर्यंत द्यावेत; अक्षांशाचे चौथे स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे ११ मीटर. उपकरणाने दाखवलेली अचूकताही लिहावी, आणि जागेचे शब्दांतील वर्णनही हवेच, कारण आकड्यात एक अंक चुकला तर तो वर्णनामुळेच पकडला जातो. रकान्यांची नावे डार्विन कोअर या जैवविविधता-नोंदींच्या मानकाप्रमाणे ठेवलीत तर पुढे जीबीआयएफसारख्या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक संचयात माहिती पाठवताना पुन्हा मांडणी करावी लागत नाही.

नाव ठरले नसले तरी नमुना जरूर दाखल करावा. ‘पेझिझा, प्रजाती अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद आहे, बळेच लावलेले नाव ही नाही. पुढे कोणी नाव ठरवले की त्याने स्वतःचे नाव आणि तारीख असलेली नवी चिठ्ठी पाकिटाला जोडावी. जुनी चिठ्ठी काढू नये, खोडू नये. चषक-बुरशीत हे विशेष गरजेचे आहे. २०२० मध्ये पेझिझा या मोठ्या वंशाचे अनेक वंशांत विभाजन सुचवले गेले आणि वर उल्लेखलेल्या सुकोसासारख्या परिचित प्रजाती नव्या नावांखाली गेल्या. मूळ चिठ्ठी असली की संकलकाने त्या वेळी कोणत्या अर्थाने नाव वापरले ते समजते. एखादा नमुना अगदीच कोठे बसला नाही आणि नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध करायची वेळ आली, तर १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदणीकोशातून ओळखक्रमांक घेऊन तो प्रसिद्धीत छापल्याशिवाय बुरशीचे नवे नाव ग्राह्य धरले जात नाही. त्याचबरोबर आधारनमुना (ज्यावर ते नाव आधारलेले असते तो नमुना) कोणत्या हर्बेरियममध्ये आहे ते सांगावे लागते. तुमच्या हर्बेरियमला इंडेक्स हर्बेरियोरम या जगभरच्या हर्बेरियमांच्या सूचीमध्ये संक्षिप्त नाव मिळालेले नसेल, तर त्यासाठी आताच अर्ज केलेला बरा.

काचपट्टी (उत्तर)

अनिश्चित नमुना दाखल करण्याबद्दल मी सहमत आहे, पण एक अट घालीन. त्यात पक्व बीजाणू असले पाहिजेत, किंवा निदान ताज्या अवस्थेचे पूर्ण टिपण असले पाहिजे. दोन्ही नसलेला तपकिरी पेला दाखल क्रमांक मिळाल्याने उपयुक्त होत नाही.

वाळलेल्या नमुन्यावर काम करावेच लागले, जसे तुमच्या जुन्या पाकिटांवर लागेल, तर तुकडा ५ टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये थोडा वेळ भिजवून मग पाहावा. तेलाचे थेंब मिळणार नाहीत, पण बीजाणूंची नक्षी, केसांचे बुडखे, पेल्याच्या बाहेरील थरातील पेशी गोल आहेत की लांबट, आणि आयोडीनची प्रतिक्रिया या गोष्टी तपासता येतात. पेझिझा लिहिलेल्या पाकिटांची छाननी लुगोलच्या एका थेंबाने सुरू करा. ज्यांची टोके निळी होणार नाहीत ती निराळी काढा. तुकडा मात्र नखाएवढाही घेऊ नका, दोन मिलिमीटरचा काप पुरतो, आणि किती घेतला व कशासाठी ते पाकिटावर लिहून ठेवा.

जुने कपाट (उत्तर)

अट मान्य, एका अपवादासह: जुन्या संग्रहातील पाकीट रिकामे वाटले तरी त्यावरील स्थळ आणि तारीख वाचता येत असेल तर ते काढून टाकू नये.

ओलसर माती (उत्तर)

शेणावरील बुरशींबद्दल एक राहून गेले. ॲस्कोबोलस आणि तिच्यासारख्या लहान बुरशी जागेवर दिसत नाहीत. शेणाचा नमुना घरी आणून, ओलसर टिपकागदावर, झाकणाच्या काचपात्रात उजेडात ठेवला की काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत त्या एकामागून एक उगवतात. पक्व झाल्यावर ॲस्कोबोलसच्या धान्या चकतीच्या वर डोकावतात आणि आतील जांभळ्या बीजाणूंमुळे साध्या भिंगातूनही काळसर ठिपक्यांसारख्या दिसतात. अशा नमुन्याच्या लेबलवर दोन तारखा लागतात, शेण गोळा केल्याची आणि बुरशी पक्व दिसल्याची, आणि ‘ओलसर पात्रात उगवलेली’ असा शेरा. संकलनाची तारीख म्हणून सूचीत पहिलीच जाते.

पानगळ

दोन तारखांचा आणि शेऱ्याचा रकाना तक्त्यात वाढवला आहे. पाण्यातील मोजमाप आणि मृत अवस्थेतील मोजमाप यांचेही रकाने वेगळे केले. जुन्या पाकिटांची छाननी लुगोलने सुरू करतो आणि ज्यांची टोके निळी होणार नाहीत त्यांबद्दल येथेच विचारीन.